जेरोम सरांच्या गाडीचा ब्रेक

नव्या गाडीचा ब्रेक लागला नाही असं आपण सांगितलं, की ऐकणारा गाडीकडे बघत नाही, आपल्या पायाकडे बघतो. आधी चपलेकडे, मग गुडघ्याकडे, आणि शेवटी डोक्यावर केस किती उरलेत तिकडे. हा माझा अनुभव आहे आणि तो मी अत्यंत गंभीरपणे नोंदवतो आहे.

मी जेरोम बोर्जिस. बेव्हर्ली पार्कात राहतो, मीरा रोडच्या एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. गती, घर्षण, उतारावरून घरंगळणारे गोळे हे माझे विषय. गोळ्यांचा धडा तर मी असा शिकवतो की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा जागी राहतात. हे इथे सांगायचं कारण पुढे येईल आणि ते माझ्या बाजूचं नाही.

गाडी मी आईसाठी घेतली. आई उत्तनला, गावातच राहते. गुडघ्यांनी तिचं चर्चला जाणं हळूहळू बंद केलं. रिक्षात चढायला तिला दोन माणसं लागतात, आणि उतरताना ती त्या दोघांना ओरडते. तिची इच्छा एवढीच, की गावच्या सणाच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मोठ्या प्रार्थनेला, पोराच्या गाडीतून जायचं. तेही पुढच्या सीटवर बसून. "मागं न्हाय बसनार मी," तिने गाडी बुक करायच्या आधीच बजावलं होतं. "मागं पाव्हनं बसतात."

गाडी आली तेव्हा फादरांनी तिला आशीर्वाद दिला. बॉनेट उघडून इंजिनावरही पवित्र पाणी शिंपडलं. आईने गाडीभोवती एक फेरी मारली, मागच्या सीटवर बसून दार लावून घेतलं आणि आत बराच वेळ वाकून काहीतरी करत राहिली. बाहेर आल्यावर म्हणाली, "मी बंदोबस्त केला हाय. आता तू बिनघोर चालव." मला वाटलं, प्रार्थना म्हटली असेल. वाकून प्रार्थना करायची तिची सवय आहेच.

नंतरच्या एका रविवारी मी एकटाच आईकडे निघालो होतो. उत्तनच्या अलीकडचं डोंगरी गाव ओलांडलं की रस्ता समुद्राकडे उतरतो. उताराच्या तळाशी वळण आहे, आणि वळणाच्या पलीकडे फ्लेव्हिया मावशीच्या वलांड्या, म्हणजे बोंबील वाळत घालायचे बांबूचे मांडव. वळण आलं, मी ब्रेकवर पाय दिला. पेडल खाली गेलं नाही. जणू कुणी ते सिमेंटात बसवलं होतं. मी आणखी जोर लावला, सीटवरून अर्धा उठलो, पेडल तसंच. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये हँडब्रेक हा गाडी उभी केल्यावर लावायचा असतो असं शिकवलं होतं. ही शिस्त मी त्याही प्रसंगी पाळली. तो ओढावा हे सुचेपर्यंत गाडी वलांडीत शिरली, दोन बांबू मोडले आणि पलीकडच्या वाळूच्या ढिगावर नाक वर करून थांबली.

मला काही झालं नाही. काचेवर मात्र बोंबील लटकत होते आणि वायपर आपोआप सुरू होऊन त्यांना इकडून तिकडे झुलवत होता. गाव गोळा झालं. फ्लेव्हिया मावशी, म्हणजे माझी सख्खी मावशी, खिडकीपाशी आली, मी जिवंत आहे याची खात्री केली आणि म्हणाली, "जेरोम, बोंबील पायजे व्हते तं मागायचे."

मी म्हणालो, "मावशी, ब्रेक लागला नाही."

तिचा मुलगा रुबेन होडीची इंजिनं दुरुस्त करतो. त्याने मला उतरवलं, स्वतः बसला, पेडल दाबलं. ते लोण्यासारखं खाली गेलं. त्याने पुन्हा पुन्हा दाबून दाखवलं, मग तिथे जमलेल्या ज्याला ज्याला हौस होती त्याने बसून दाबून पाहिलं. प्रत्येक जण उतरताना माझ्या पायाकडे बघत होता.

तेवढ्यात आई आली, काठी टेकत. गर्दीने वाट दिली. तिने माझे दंड चाचपले, तोंड चाचपलं आणि मावशीकडे वळून म्हणाली, "म्या बंदोबस्त केला व्हता म्हनून वाचला. न्हायतर काय झालं असतं?" असं म्हणून ती रडली. आई रडली तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली, तोपर्यंत नुसती लाज वाटत होती.

घरी आल्यावर पॅट्रिशियाने, म्हणजे माझ्या बायकोने, शांतपणे सगळं ऐकून घेतलं. ती शांतपणे ऐकते तेव्हा निर्णय आधीच झालेला असतो. "ब्रेकचं काय ते स्पष्ट होईपर्यंत आईंना या गाडीत बसवायचं नाही," ती म्हणाली. "सण असो की आणखी काही असो."

"आणि मिशेल?" मी आमच्या मुलीबद्दल विचारलं.

"मिशेल आधीच बसत नाही, पप्पा," आतल्या खोलीतून आवाज आला.

म्हणजे सणाच्या आत दोष सापडायला हवा होता. नाहीतर आई सणाला पुन्हा घरी बसणार होती, आणि या वयात पुढच्या सणाचा भरवसा कोण देणार.

मी गाडी हायवेवरच्या सर्व्हिस सेंटरला नेली. तिथे अभिनव नावाचा अत्यंत विनयशील तरुण भेटला. त्याने मला 'सर' म्हटलं, कॉफी दिली, काचेच्या खोलीत बसवलं. या लोकांची एक पद्धत मला फार आवडली. गाडी तपासायला घेण्याआधी ते आतली गिऱ्हाइकाची प्रत्येक वस्तू काढून एका पिशवीत ठेवतात, पिशवीला गाडीचा नंबर बांधतात, आणि काम झाल्यावर प्रत्येक वस्तू होती तिथे परत ठेवतात. माझी छत्री मागच्या काचेपाशी होती, ती तिथेच आली. मिशेलची केसांची क्लिप कप्प्यात होती, ती कप्प्यात. अर्धी खाल्लेली चिक्कीसुद्धा होती त्याच जागी, होती त्याच कागदात. ब्रेकमध्ये मात्र काही सापडलं नाही. "सर, गाडी एकदम परफेक्ट आहे," अभिनव म्हणाला. त्याने मोबाईलवर मत द्यायला सांगितलं. मी ब्रेकबद्दल नाराजी लिहिली, पण वस्तू जपण्याबद्दल पूर्ण तारे दिले. न्याय तो न्याय.

मग विमा. विम्याचा माणूस पाहणीला आला. बंपरच्या जाळीत अडकलेला बोंबील त्याने चिमटीत धरून वर उचलला आणि प्राण्याला धडक दिली का, असं विचारलं. मी म्हणालो, प्राणी आधीच मेलेला होता, शिवाय मीठ लावून वाळत घातला होता. तो म्हणाला, मग हे प्राण्यात बसत नाही. मालमत्तेत बसवायचं तर मालकाची तक्रार लागेल. मी मावशीला फोन केला. मावशी म्हणाली, सख्ख्या भाच्यावर तक्रार करायला ती काय माणसातून उठली आहे का. नवे बांबू आणून दे, आणि येताना गाडी घेऊन येऊ नको.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी वाल्मिकराव साळवे हे परभणीकडचे. महसूल खात्यातून निवृत्त झालेले. जगातल्या कुठल्याही अडचणीवर अर्ज हा उपाय आहे अशी त्यांची श्रद्धा आहे, आणि ती त्यांनी अनेकदा खरी करून दाखवली आहे. त्यांनी मला बसवून घेतलं. "सर, तुम्ही शिक्षक माणूस, तुम्ही गप कसे बसलात? कंपनीला लिहा. आरटीओला लिहा. ग्राहक मंचाला प्रत द्या. प्रत दिली की समोरचा माणूस सरळ होतो." मजकूर त्यांनीच सांगितला. 'सदर वाहनाचे ब्रेक ऐनवेळी निकामी झाल्याने अर्जदाराच्या जीवितास व प्रतिष्ठेस धोका निर्माण झाला आहे.' प्रतिष्ठा हा शब्द मी घातला. कंपनीचं उत्तर तत्काळ आलं. तुमचं समाधान आमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचं आहे, असं त्यात म्हटलं होतं, आणि या पत्त्यावर उत्तर पाठवू नये असंही म्हटलं होतं.

वरच्या मजल्यावरचे महिपतभाई लिफ्टमध्ये भेटले. त्यांचा हार्डवेअरचा धंदा आहे. "जेरोमभाई, नई गाडी में पेडल टाइट होता है," ते म्हणाले. "मेरे साले का भी ऐसाच था. आप चप्पल निकाल के चलाओ. पाँव को लोहे का मालूम पडना चाहिए." मी दोन दिवस अनवाणी गाडी चालवली. शाळेच्या फाटकात मला अनवाणी उतरताना मुलांनी पाहिलं. काही मुलांना वाटलं सरांनी नवस केलाय.

या सगळ्यावर कळस चढला तो सोसायटीच्या उतारावर. आमचं पार्किंग तळघरात आहे. तिथे जाणारा उतार बिल्डरने जागा वाचवण्यासाठी इतका उभा केलाय की पाहुणे गाडी रस्त्यावरच लावतात. मी रोज तिथून जातो. त्या संध्याकाळी उतारावर वळलो, ब्रेक दाबला, आणि पुन्हा तेच. सिमेंट. यावेळी हँडब्रेक मी वेळेत ओढला, पण वेळेत म्हणजे खाली रचून ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या थप्पीत शिरल्यावर. सोसायटीच्या सगळ्या समारंभांच्या खुर्च्या त्या. शेजारच्या खुर्चीवर वॉचमन बसला होता, तो उभा राहिला आणि त्याने मला सलाम केला. सवयीने केला असेल, पण मला तो फार लागला.

कमिटीची बैठक झाली. तळघरातल्या कॅमेऱ्याचं चित्रण मोठ्या टीव्हीवर लावलं. मी आत्मविश्वासाने बसलो होतो, कारण गाडी थांबत नाही हे आता सगळ्यांना डोळ्यांनी दिसणार होतं. चित्रण सुरू झालं. गाडी वरून आली, खाली गेली, खुर्च्यांत शिरली. वाल्मिकरावांनी ते परत लावलं. मग तिसऱ्यांदा लावलं, आणि गाडीच्या मागच्या बाजूवर बोट ठेवलं.

"सर," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरंच दुःख होतं, "ब्रेकचा लाल दिवा लागला नाही."

मी पाहिलं. खरोखर लागला नव्हता. ब्रेकवर पाय पडला आणि पेडल हललं, की मागे लाल दिवा लागतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दिवा लागला नाही म्हणजे जेरोम सरांनी ब्रेक दाबलाच नाही.

"मी दाबला," मी म्हणालो. "सीटवरून उठून दाबला."

"होता है, जेरोमभाई," महिपतभाई माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "मेरे साले का भी ऐसाच था."

त्या रात्री जेवताना पॅट्रिशियाने माझ्यापुढचं गरम भांडं स्वतःकडे सरकवलं. मिशेलने भाजी वाढताना मला "पप्पा, हळू" म्हटलं. मी नुसता डाळीचा चमचा उचलत होतो. तेव्हा मला कळलं, की आता गाडीच्या बरोबरीने माझ्या हाताचाही भरवसा गेला. मला फार वाईट वाटलं. एवढी वर्षं मी या घरात दिवे बदलले, नळ दुरुस्त केले, पालीसुद्धा हाकलल्या, ते सगळं एका लाल दिव्यापायी फुकट गेलं.

सण रविवारी होता. शनिवारी सकाळी आईचा फोन आला. "साडी काढून ठेवली हाय," ती म्हणाली. "पॅट्रिशिया काय बोलते त्यावर जाऊ नको. मी बसनार. मला भ्या न्हाय. बंदोबस्त हाय." माझ्या गाडीत बसायला तयार असलेली पृथ्वीवर ती एकटीच होती. तिलाच बसवायचं नाही, असं मी कोणत्या तोंडाने सांगणार, आणि बसवलं तर डोंगरीच्या उतारावर काय होणार? मी तडक सर्व्हिस सेंटरला गेलो.

"या वेळी मी काचेत बसणार नाही," मी अभिनवला सांगितलं. "मी गाडीशेजारी उभा राहणार."

त्याने मोठ्या मनाने परवानगी दिली. त्याला माझी दया येत होती. ज्येष्ठ नागरिकांसाठी आमच्याकडे मोफत सराव वर्ग असतो सर, असंही तो हळूच म्हणाला. मी अजून ज्येष्ठ नागरिक नाही. पद्धतीप्रमाणे वस्तू निघाल्या, पिशवीत गेल्या, गाडी वर चढली, खाली आली, बाहेर फिरून आली. ब्रेक उत्तम. मग कामगार पिशवी घेऊन आला आणि एकेक वस्तू परत ठेवू लागला. छत्री मागे. क्लिप कप्प्यात. आणि एक छोटी स्टीलची बाटली, ती त्याने वाकून चालकाच्या सीटखाली सरकवली.

"ही कोणाची?" मी विचारलं.

"तुमचीच, सर," अभिनव म्हणाला. "दरवेळी सीटखालीच असते. कस्टमरची वस्तू आम्ही होती तिथेच ठेवतो." त्याच्या स्वरात साधा अभिमान होता, आणि तो रास्त होता.

मी खाली बसलो आणि बाटली बाहेर काढली. फिरकीचं झाकण, एका बाजूला पोचा. ती मी लहानपणापासून ओळखतो. माझे वडील होडीवर जायचे तेव्हा ही बाटली बरोबर असायची. आई तिच्यात वेलंकनीहून आणलेलं पवित्र पाणी भरून द्यायची. वादळात होड्या उलटल्या, शेजारची माणसं गेली, पण बाबा प्रत्येक वेळी परत आले. शेवटी गेले ते घरातच, खाटेवर, आईच्या हातून पेज पिऊन. झाकण घट्ट होतं, बाटली काठोकाठ भरलेली होती. हलवली तर आवाजही आला नाही.

मी ती सीटखाली ठेवली आणि गाडीचं नाक थोडं खाली झुकल्याची कल्पना केली. कल्पनेचीही गरज नव्हती. तिथे बाहेर पडायला एक उतार होता. मी गाडी त्यावर नेली. बाटली सीटखालून घरंगळत आली, पावदानावरून पुढे गेली आणि ब्रेकच्या पेडलमागे जाऊन बसली. मी पाय दिला. सिमेंट. हँडब्रेक मी आधीच ओढून धरला होता, एवढं तरी शिकलो होतो. नाक वर झालं, की ती तशीच मुकाट्याने मागे आपल्या जागी जात होती. कधी ती सीटखालीच अडकून राहायची, तेव्हा रोजचा प्रवास सुखरूप व्हायचा. उतारावरून घरंगळणारे गोळे मी नववीच्या मुलांना शिकवतो, हे मी आधी सांगितलंच आहे.

अभिनव धावत आला. त्याला अपार आनंद झाला होता. "सर, कारण सापडलं. मी लगेच रिपोर्टला टाकतो. ब्रेकखाली कस्टमरची वस्तू. तुमचा काहीच दोष नाही, सर. तुमच्या सोसायटीलाही मेल जाईल, त्यांनी प्रत मागितली होती."

ते मेल मी मनातल्या मनात वाचलं. वाल्मिकराव ते कमिटीत मोठ्याने वाचणार होते. महिपतभाई माझी माफी मागणार होते. पॅट्रिशिया मान खाली घालणार होती, आणि त्याच संध्याकाळी ती फोनवर आपल्या बहिणीला सांगणार होती, की बाई, आईंची बाटली निघाली. बहीण उत्तनला राहते. रविवारी मिस्सेच्या आधी आईला कुणीतरी सांगणार होतं, की तुझ्या बंदोबस्तानेच पोरगा मरायचा होता. मला त्या गर्दीतली आई आठवली, माझं तोंड चाचपणारी.

"चालकाची चूक, असं लिहा," मी म्हणालो.

अभिनवला कळेना. "पण सर, एवढे दिवस तुम्ही..."

"लिहा. पाय चुकला."

त्याने लिहिलं. लिहिताना त्याचा चेहरा पडला होता. त्याने खरोखर काहीतरी शोधून काढलं होतं आणि ते त्याला कुणालाच सांगता येणार नव्हतं. मला त्याचंही वाईट वाटलं.

घरी मी पॅट्रिशियाला सांगितलं की चूक माझी होती. गाडी ठीक आहे, आता मी नीट शिकलो आहे, आणि उद्या आईला नेणार आहे. ती माझ्याकडे बघत राहिली. "एवढं सरळ तू आजपर्यंत कधी कबूल केलं नाहीस," ती म्हणाली, आणि जरा वेळाने, "मी मागे बसते." सोसायटीच्या ग्रुपवर मी दिलगिरी टाकली. वाल्मिकरावांनी हात जोडलेलं चित्र पाठवलं. महिपतभाईंनी लिहिलं, 'मेरे साले ने भी माना था.'

रविवारी आई पुढच्या सीटवर बसली. अंजिरी साडी, केसात अबोलीचा गजरा. गावात दुसरं कुठलंही वाहनच नसल्यासारखी ती मोठ्या तोऱ्यात बसली, आणि बसल्याबरोबर हात मागे घालून माझ्या सीटखाली चाचपू लागली.

"बाटली कुठं हाय?"

"दारात ठेवलीय, आई. इथे, बाटलीच्या खाचेत. मला समोर दिसायला पाहिजे."

तिने वाकून पाहिलं. बाटली दाराच्या खाचेत घट्ट बसली होती. आई काचेबाहेर बघू लागली. माझ्या मागे पॅट्रिशिया बसली होती. आईचा सीटखाली गेलेला हात आणि बाटली, दोन्ही तिने पाहिलं होतं. आरशात मला तिचे डोळे दिसले आणि मला कळलं, की तिला सगळं समजलं आहे. तिने हळूच माझ्या खांद्याला हात लावला आणि काढून घेतला.

आईला म्हटलं, आधी डोंगरीपर्यंत नेऊन आणतो, तुला समुद्र दाखवतो, मग चर्च. मला त्याच उतारावरून गाडी नीट उतरवून दाखवायची होती. आईला ही लबाडी कळली असेल, पण ती हो म्हणाली. परतताना उतार लागला. वलांड्यांवर नवे बांबू होते. फ्लेव्हिया मावशी सणाचे कपडे घालून दारात उभी होती. तिने माझी गाडी ओळखली, कपाळ-छातीला क्रूस केला आणि एक पाऊल मागे घेतलं. मी ब्रेक दाबला. पेडल मऊ खाली गेलं. गाडी मावशीच्या समोर, बांबूंपासून चांगली हातभर लांब, थांबली.

आईने काच खाली केली. "भिऊ नको," ती मावशीला म्हणाली. "ह्याला गाडी न्हाय येत. पन ह्याचा बाप संगं हाय. त्या दिशीबी तोच व्हता, म्हनून वाचला."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी स्टिअरिंगवर हात ठेवून सरळ बसलो.

"होय मावशी," मी म्हणालो. "दोन्ही वेळा बाबाच होते."

बाटली सापडल्यापासून या प्रकरणाबद्दल मी बोललेलं तेवढं एकच वाक्य पूर्ण खरं होतं. आईने माझ्या गुडघ्यावर थोपटलं, काच वर केली आणि म्हणाली, "चल आता. पन हलू चालव."